विचारा बिनधास्त : नेटवर्किंगची परीक्षा द्यायची म्हणतोय, पण…

निकाल लागले की आमच्याकडे पत्रं एकाच विषयावर येतात, पुढे काय. यंदा पोलीस भरती आणि एमपीएससीच्या गर्दीत नेटवर्किंगच्या, म्हणजे कॉम्प्युटर एकमेकांना आणि इंटरनेटला जोडायच्या कामाच्या परीक्षेबद्दल विचारणारेही बरेच निघाले, चोपड्यापासून नंदुरबारपर्यंत. नाव छापू नका असं जवळपास सगळ्यांनीच लिहिलंय म्हणून फक्त गाव देतोय, आणि लांबलेली पत्रं थोडी कापलीत.

सर, माझं बीएस्सी कॉम्प्युटर झालंय. सीसीएनए करू, नेटवर्क प्लस करू का ते नवीन सीसीएसटी करू? यूट्यूबवर जो तो वेगळंच सांगतो. घरचे म्हणतात पैसे एकदाच देऊ, काय ते नीट ठरव. – चोपडा

घरच्यांचं बरोबर आहे, कारण सीसीएनएची फी ३०० डॉलर आणि वर कर, म्हणजे आजच्या भावात पंचवीस हजारांच्या पुढेच जातं ते, आणि नापास झालास तर परत तेवढेच. त्यामुळे आधी हे बघ की तुला काम कुठलं करायचंय.

सीसीएनए राउटर-स्विच बनवणाऱ्या सिस्को कंपनीची. परीक्षेचा नंबर २००-३०१, वेळ १२० मिनिटं, पात्रतेची अट काहीच नाही, दहावीवालाही बसू शकतो. पण अट नाही म्हणजे सोपी आहे असं समजू नको. त्यात राउटर आणि स्विचवर कमांड टाकून काम करता यावं लागतं, लॅबचे प्रश्न येतात, आणि एकदा पुढचा प्रश्न उघडला की मागे जाता येत नाही. नेटवर्क प्लस कॉम्पटिया नावाच्या संस्थेची, सध्याचा नंबर एन१०-००९, ९० मिनिटांत जास्तीत जास्त ९० प्रश्न, ९०० पैकी ७२० ला पास. ती कुठल्या एका कंपनीच्या मशीनवर अवलंबून नाही आणि तिच्यात सगळ्यात जास्त वजन, २४ टक्के, बिघाड शोधण्याला आहे. सीसीएसटी ही सिस्कोचीच पण सीसीएनएच्या खालची पायरी, ५० मिनिटांची, फीसुद्धा निम्म्याहून कमी.

माझं मत विचारशील तर बीएस्सी झालेल्याने सरळ सीसीएनए धरावी. पुण्या-नाशिकच्या नोकरीच्या जाहिरातीत नाव तिचंच दिसतं आणि मुलाखत घेणाराही बऱ्याचदा तेच करून आलेला असतो. नेटवर्क प्लस चांगली आहे, अभ्यासक्रम मला तर तिचाच जास्त व्यवहारी वाटतो, पण आपल्याकडे एचआरला ती समजावून सांगावी लागते हे खरंय. सीसीएसटी ज्याला आयपी अ‍ॅड्रेस म्हणजे काय इथून सुरुवात करायचीय त्याच्यासाठी ठीक, तुला त्यावर खर्च करायची गरज नाही. आणि हो, सीसीएनए काय नेटवर्क प्लस काय, दोन्हींची मुदत तीनच वर्षं. म्हणजे आत्ता घाईने पास होऊन सर्टिफिकेट कपाटात ठेवायचं असेल तर राहू दे, नोकरी शोधायच्या साधारण सहा महिने आधी अभ्यासाला लाग.

सर मी बारावी आर्ट्स. केबलवाल्याकडे फायबरचं काम करतो, स्प्लायसिंग, नवीन कनेक्शन, कंप्लेंट सगळं. मालक म्हणतो तुझं डोकं चालतं, कोर्स कर. पण मले इंग्रजीची भीती वाटते आणि सायन्सपण नाही. जमेल का? – भुसावळ

जमेल भो. ह्या गठ्ठ्यात मला सगळ्यात आवडलेलं पत्र तुझं, कारण बाकीचे जे पुस्तकात वाचून पाठ करतायत ते तू रोज पोलवर चढून करतोस, फक्त त्याची पुस्तकातली नावं तुला कोणी सांगितली नाहीत.

बघ, ओएनटीवर, म्हणजे गिऱ्हाईकाच्या घरातल्या फायबरच्या डब्यावर, एलओएसची (सिग्नल गेल्याची) लाल लाइट आली की तू पहिल्यांदा काय करतोस, पॉवर मीटर लावून तारेतून उजेड किती येतोय ते मोजतोस. उणे बावीस दिसलं तर ठीक म्हणतोस, उणे एकोणतीस दिसलं की कुठेतरी वायर वाकलीय नाहीतर जोड खराब झालाय म्हणून मागे मागे जातोस. पुस्तकात ह्याला म्हणतात लेयर वनपासून, म्हणजे तार आणि सिग्नलच्या सगळ्यात खालच्या थरापासून वर जाणे. नेटवर्कचं काम थरांत मांडणाऱ्या ओएसआय मॉडेलचे सात लेयर लोक गाणं करून पाठ करतात, तू पहिल्या लेयरवर पगार घेतोस. हिरवं कनेक्टर निळ्यात घालू नये हे तुला माहितीये, हिरवं एपीसी म्हणजे टोक तिरकं घासलेलं, निळं यूपीसी. जाणारा उजेड १३१० नॅनोमीटरचा आणि येणारा १४९० चा, म्हणून एकाच तारेवरून दोन्ही बाजूंनी डेटा जातो, हेही मीटरवर तू रोज बघतोस.

आता लाइट हिरवी आहे पण गिऱ्हाईक म्हणतंय नेट नाही. लॅपटॉपवर आयपी १६९.२५४ ने सुरू होणारा दिसला तर डीएचसीपीने (मशीनना आपोआप पत्ते वाटणारी सोय) पत्ता दिलेलाच नाही, मशीनने स्वतःच घेतलाय. पत्ता बरोबर आहे, गूगलच्या ८.८.८.८ ला पिंग जातं, म्हणजे हाक मारली की उत्तर येतं, पण साइट उघडत नाही, तर डीएनएस बघायचं, साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारी सोय. राउटरच्या वॅन पेजवर तू जो व्हीलॅन आयडी भरतोस, मालकाने सांगितलाय तोच आकडा भरायचा एवढंच तुला माहीत असेल, तो एकाच तारेवरची वेगवेगळी नेटवर्क वेगळी ठेवणारा, ८०२.१क्यू ह्या मानकाचा टॅग आहे, बारा बिटचा, म्हणून १ ते ४०९४ मधलाच आकडा चालतो. त्याच पेजवर कधी कधी १००.६४ वगैरे असा पत्ता दिसतो ना, आणि मग गिऱ्हाईकाचा सीसीटीव्ही बाहेरून बघता येत नाही आणि तो तुझ्यावर ओरडतो? तो पत्ता कंपनीने अनेक गिऱ्हाईकांत मिळून वापरायला ठेवलेल्या गटातला असतो. तुझ्या राउटरवर पोर्ट फॉरवर्ड कितीही कर, पुढे कंपनीकडे अजून एक नॅट (अनेक मशीन एकाच बाहेरच्या पत्त्यामागे ठेवणारी सोय) बसलेलं आहे, तिथे तुझं चालत नाही. हे एकदा गिऱ्हाईकाला नीट समजावता आलं की समज नॅट तुला आलं.

तुझ्यासाठी म्हणून मी नेटवर्क प्लसचा अभ्यासक्रम आधी वाच असं सांगेन, परीक्षा नंतर कुठलीही दे. कामातलं आणि त्यातलं जुळत गेलं की धीर येतो.

इंग्रजीचं खरं सांगतो, परीक्षा मराठीत नाही, हिंदीतपण नाही. पण ती निबंधाची इंग्रजी नाही. तेच तेच दोनेकशे शब्द फिरून फिरून येतात आणि त्यातले निम्मे तू आत्ता बोलताना वापरतोसच. घात होतो तो बारीक शब्दांनी. प्रश्नात "सगळ्यात आधी काय कराल" विचारलंय का "सगळ्यात योग्य काय", दोन उत्तरं निवडायचीत का एक, "नाही" कुठे लपलंय. रोज संध्याकाळी दहा प्रश्न घे, उत्तर न देता प्रश्न नेमका काय विचारतोय तेवढं अहिराणीत नाहीतर मराठीत वहीत लिही. महिनाभराने इंग्रजीची भीती कितपत राहिलीय ते कळव मला.

सबनेटिंग डोक्यात जात नाही. क्लासमध्ये सर फळ्यावर बायनरी करतात तेव्हा कळतं, घरी आलं की कोरं. परीक्षेत कॅल्क्युलेटरपण नसतो म्हणे. – शिरपूर

नसतो. सेंटरवर पुसता येणारा बोर्ड आणि पेन देतात, घरून दिली तर स्क्रीनवरचा बोर्ड, बस. पण सबनेटिंग म्हणजे मोठ्या नेटवर्कचे छोटे भाग पाडणं, ह्यात गणित चौथीचं आहे, गोंधळ होतो तो सगळं एकदम बायनरीत करायला गेल्याने. बायनरी एकदा समजून घे आणि मग बाजूला ठेव.

आपल्याकडे शेताचे एनए प्लॉट पाडतात तसंच हे. अख्खं शेत म्हणजे १९२.१६८.१०.०/२४ (/२४ म्हणजे पत्त्याच्या ३२ बिटांपैकी पहिले २४ नेटवर्कचे), आत २५६ पत्ते. समज तुमच्या कॉलेजात लॅबला ५० मशीन, ऑफिसला २५, लायब्ररीला १० आणि दोन राउटरमधल्या जोडणीला २ पत्ते हवेत. प्लॉटचं माप मनाने ठरवता येत नाही, ४, ८, १६, ३२, ६४, १२८ ह्याच मापात मिळतो, आणि प्रत्येक प्लॉटचा पहिला आणि शेवटचा पत्ता वापरता येत नाही, पहिला नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा, म्हणजे सगळ्यांना एकदम निरोप द्यायचा. आणि सुरुवात नेहमी मोठ्या गिऱ्हाईकापासून, नाहीतर नंतर मोठा प्लॉट बसतच नाही.

५० ला ६४ चा लागेल, म्हणजे /२६. शून्यापासून ६३ पर्यंत, वापरायला १ ते ६२. मास्क, म्हणजे प्लॉटचं माप मशीनला सांगणारा आकडा, काढायचा तर २५६ मधून ६४ वजा, १९२, म्हणून २५५.२५५.२५५.१९२. पुढचा प्लॉट ६४ पासून. २५ मशीनला ३२ चा पुरतो, /२७, ६४ ते ९५, वापरायला ६५ ते ९४, मास्क शेवटी २२४. मग लायब्ररी, १० ला १६ चा, /२८, ९६ ते १११, वापरायला ९७ ते ११०, मास्क २४०. राउटरच्या जोडणीला चारचा, /३०, ११२ ते ११५, वापरायला ११३ आणि ११४, मास्क २५२. ११६ पासून पुढे सगळं मोकळं, उद्या नवीन इमारत झाली तर उपयोगी.

उलटा प्रश्नही येतो, आणि जास्त तोच येतो. १७२.१६.३७.२००/२७ हा पत्ता कुठल्या नेटवर्कमधला? /२७ म्हणजे ३२ चं माप. ३२ चा पाढा म्हण, ३२, ६४, ९६, १२८, १६०, १९२, २२४. २०० हा १९२ आणि २२४ च्या मध्ये पडतो. नेटवर्क १९२, ब्रॉडकास्ट २२३, मशीनला १९३ ते २२२. झालं. ह्यात बायनरी आली का कुठे? ज्याला पाढे येतात त्याला सबनेटिंग येतं, आणि आपल्या झेडपीच्या शाळेत पाढे काही कमी घोकून घेत नाहीत.

आठवडाभर रोज वीसेक गणितं कर, चहाला बसल्या बसल्या, मोबाइलवर नाही, कागदावर. एक गणित वीस-पंचवीस सेकंदात यायला लागलं की थांब, त्याहून वेगाची गरज नाही. आणि मग लगेच पॅकेट ट्रेसर, म्हणजे लॅपटॉपवर खोटं नेटवर्क बांधायचं सॉफ्टवेअर, उघडून वरचंच कॉलेज त्यात बांध. तो सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीवर अकाउंट काढलं की फुकट मिळतो, साध्या जुन्या लॅपटॉपवरही चालतो. बांधून पिंग गेलं म्हणून खूश होऊन बंद करू नको, खरा अभ्यास तिथून पुढे आहे. मुद्दाम बिघडव. एका मशीनचा गेटवे (नेटवर्कबाहेर जायचा पत्ता) चुकव, मास्क /२६ चा /२७ कर, ट्रंकच्या (अनेक व्हीलॅन एकत्र नेणारी जोडणी) एका टोकाला नेटिव्ह व्हीलॅन बदल, मग मित्राला म्हण शोध काय झालंय ते, आणि त्याने बिघडवलेलं तू शोध. शो आयपी इंटरफेस ब्रीफ, शो व्हीलॅन ब्रीफ, शो आयपी राउट ह्या तीन कमांडचं आउटपुट वाचता यायला लागलं की अर्धी परीक्षा हातात आली. माझ्या ओळखीत जे पास झाले ते सगळे बिघडवणारे होते, व्हिडिओ बघून वही सुंदर लिहिणारे बरेच अजून वहीच लिहितायत.

मुलगा डिप्लोमा झालाय. पुण्याचा एक क्लास म्हणतो शंभर टक्के पास करून देऊ, परीक्षेत येणारेच प्रश्न देऊ, फीसकट पंचाहत्तर हजार. आमची कापसाची शेती, पैसे उसने काढावे लागतील. काढू का? – एक आई, अमळनेर तालुका

ताई, काढू नका. इतकं स्पष्ट मी एरवी लिहीत नाही.

"येणारेच प्रश्न देऊ" ह्याला ह्या धंद्यात डम्प म्हणतात, म्हणजे परीक्षेतून चोरून आणलेले प्रश्न. परीक्षा घेणाऱ्या कंपन्यांच्या नियमात ते सरळ सरळ गैरप्रकार आहे, पकडलं तर निकाल रद्द होतो, पुढे परीक्षेला बसायची बंदीही येते. आणि नाही पकडलं तरी नुकसान मुलाचंच आहे. त्या फायलींतली उत्तरं बऱ्याचदा चुकीची असतात, प्रश्न बदललेले असतात, आणि समजा झाला पास, तर मुलाखतीत समोरचा माणूस पहिल्या पाच मिनिटांत एवढंच विचारतो की ह्या मशीनवरून त्या मशीनला पिंग जात नाहीये, तू काय बघशील. तिथे पाठ केलेलं ए, बी, सी, डी कामाला येत नाही.

शंभर टक्क्यांची हमी परीक्षा घेणारी कंपनीसुद्धा देत नाही, क्लासवाला कुठून देणार. फार तर एक करा, त्यांना विचारा की हमी लेखी द्या आणि नापास झाला तर सगळे पैसे परत असं त्यात लिहा. काय उत्तर येतं बघा.

क्लास वाईटच असतात असं नाही हं. मुलाला शिस्त लागत असेल तर जळगाव-धुळ्यातला साधा क्लासही चालेल, फक्त लावायच्या आधी मुलाने तिथे जाऊन दोन गोष्टी बघाव्यात, खरे राउटर-स्विच हाताळायला मिळतात का, आणि शिकवणारा प्रश्नाचं उत्तर देताना लॅब उघडून दाखवतो का नुसती पीपीटी पुढे ढकलतो. बाकी पॅकेट ट्रेसर फुकट, अभ्यासक्रम सिस्कोच्या साइटवर फुकट, व्हिडिओ फुकट. मुलाने आधी दोन महिने घरी बसून करून दाखवावं. केलं, तर परीक्षेची फी भरा, ती भरण्यासारखी आहे. दोन महिन्यांत लॅपटॉप उघडलाच नाही तर पंचाहत्तर हजारांनीही उघडणार नाही.

आणि पास झाला की लगेच पुण्यात मोठा पगार हेही मनात धरू नका. सुरुवात बहुतेकांची नेटवर्क ऑपरेशन सेंटरमधल्या रात्रपाळीने होते, स्क्रीनवर अलार्म बघत बसायचं आणि तिकीट टाकायचं. काहींना जळगाव एमआयडीसीतल्या चटईच्या, पाइपच्या कारखान्यात नाहीतर एखाद्या हॉस्पिटलात नेटवर्क आणि कॅमेरे सांभाळायचं काम मिळतं, पगार कमी पण घरचं जेवण. दोन्हीत शिकायला मिळतं.

कॉलेजच्या लायब्ररीत सीसीएनएचं जुनं पुस्तक आहे, २००-१२५ लिहिलंय. चालेल का? – नंदुरबार

अर्धं चालेल. ती परीक्षा फेब्रुवारी २०२० मध्ये बंद झाली. सबनेटिंग, स्विचिंग, व्हीलॅन, एसटीपी (स्विचमधलं गोल फिरणं थांबवणारा), स्टॅटिक राउट (हाताने भरलेला मार्ग), ओएसपीएफ (राउटरने स्वतः मार्ग शोधायची पद्धत), आयपीव्ही६ हे सगळं त्यातून बिनधास्त वाच, ते बदललेलं नाही. ईआयजीआरपी ह्या मार्ग शोधायच्या दुसऱ्या पद्धतीच्या कॉन्फिगरेशनची प्रकरणं सोडून दे, फक्त अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स, म्हणजे कुठल्या मार्गावर आधी विश्वास ठेवायचा त्याचा आकडा (लहान तो आधी), लक्षात ठेव, ईआयजीआरपी ९०, ओएसपीएफ ११०, आरआयपी १२०, स्टॅटिक १. पुस्तकात नसेल ते म्हणजे वायरलेसचा मोठा भाग आणि ऑटोमेशन (नेटवर्कची कामं प्रोग्रामने करणं), जेसन हा डेटा लिहायचा प्रकार वाचता येणं, रेस्ट एपीआय म्हणजे प्रोग्रामने दुसऱ्या प्रोग्रामशी बोलायची पद्धत काय वगैरे. ऑटोमेशनला १० टक्के आहेत, आयपी कनेक्टिव्हिटीला २५, म्हणजे वेळ कुठे घालवायचा ते कळलं असेल. सिस्कोच्या साइटवरून अभ्यासक्रमाची पीडीएफ उतरव, आता १.१ आवृत्ती आहे, प्रिंट काढ आणि एकेक ओळ खोडत जा.

घरून ऑनलाइन परीक्षा देता येते असं ऐकलं. देऊ का सेंटरवर जाऊ? आमच्याकडे लाइटीचा भरवसा नाही. – रावेर तालुका

उत्तर तूच लिहिलंस, लाइटीचा भरवसा नाही. घरून देताना कॅमेरा सतत चालू, आधी खोलीचे फोटो काढून पाठवायचे, टेबलावर काही नाही, मोबाइल हाताच्या अंतरावर नाही, आणि खोलीत दुसरं कोणी आलं तर परीक्षा तिथेच थांबवू शकतात. आपल्या घरात दोन तास कोणी दार ढकलणार नाही, शेजारची काकू हाक मारणार नाही, हे सांगता येतं का? त्यात मे महिन्यात दुपारी डीपी उडाली की कूलरही गेला आणि नेटही, आणि तुटलेल्या सेशनसाठी सपोर्टशी इंग्रजीत भांडत बसायचं.

सेंटरवर जा. जवळचं कुठलं ते परीक्षा घेणाऱ्या पिअर्सन व्हीयूई कंपनीच्या साइटवर तारीख घेताना दिसतं, लांब असेल तर आदल्या रात्रीच जाऊन नातेवाइकाकडे थांब, सकाळच्या एसटीवर विसंबू नको. एक गोष्ट मात्र आजच कर, अकाउंटवरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव अक्षर न अक्षर जुळतंय का बघ. आपल्याकडे एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर वडिलांचं नाव मध्ये, तिसऱ्यावर स्पेलिंगच वेगळं, आणि सेंटरवरचा माणूस ह्यात काही ऐकून घेत नाही. कुठली ओळखपत्रं चालतात ती यादीही तिथेच आहे, ती वाचून मगच पैसे भर.